साताऱ्यातील एका हौशी रेडिओ स्थानकाचे प्रकरण: अर्थिंग, माइकचा चटका आणि शेजारच्या स्पीकरमधला आवाज

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील वस्त्यांमध्ये पाया खणताना हात-दोन हातांवर मुरूम लागतो आणि त्याच्याखाली लगेच काळा पाषाण सुरू होतो. घर पक्के उभे राहण्यासाठी ही जमीन उत्तम असली, तरी विजेच्या अर्थिंगसाठी ती अडचणीची आहे. प्रस्तुत प्रकरण अशाच एका दुमजली घरातील हौशी रेडिओ स्थानकाचे, म्हणजे छंद म्हणून दूरच्या स्थानकांशी बोलण्यासाठी उभारलेल्या घरगुती रेडिओ केंद्राचे आहे. स्थानकाचे चालक भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक असून वस्तीत सर्वजण त्यांना सर म्हणतात. येथेही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे. त्यांनी मला अर्थिंग तपासण्यासाठी बोलावले होते. तपासणीत अर्थिंग खरोखरच सदोष निघाले, परंतु त्यांना सर्वाधिक छळणाऱ्या तक्रारी अर्थिंगमुळे निर्माण झालेल्या नव्हत्या आणि अर्थिंग कितीही सुधारले असते तरी त्या दूर झाल्या नसत्या. या दोन गोष्टींची गल्लत घरोघरच्या स्थानकांवर होताना मी पाहतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

स्थानकाची रचना साधी होती. पहिल्या मजल्यावरील खोलीत १०० वॉटचा एचएफ (लघुलहरींवर चालणारा) ट्रान्सीव्हर, म्हणजे सिग्नल पाठवणारा आणि ऐकवणारा एकच संच, त्याला १३.८ व्होल्ट पुरवणारा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा) आणि शेजारी संगणक होता. गच्चीच्या कठड्यावर ४९:१ गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर बसवून तेथून सुमारे २० मीटर लांबीची तार परसातील नारळाच्या झाडापर्यंत ओढलेली होती. टोकाकडून जोडलेली ही अर्धतरंग तार ४०, २०, १५ आणि १० मीटर या पट्ट्यांवर (तरंगलांबीवरून ओळखल्या जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या विभागांवर) चालते आणि तिला एकच आधार पुरतो, त्यामुळे शहरातील घरांवर ती लोकप्रिय आहे. गच्चीवरून खोलीपर्यंत आरजी-५८ कोॲक्स (मध्ये तार आणि भोवती धातूची जाळी असलेली केबल) उतरवलेली होती. ट्रान्सीव्हरच्या मागील अर्थच्या स्क्रूपासून एक जाड हिरवी तार खिडकीतून बाहेर पडून भिंतीलगत खाली जात होती आणि अंगणात ठोकलेल्या तांब्याच्या सळईला जोडलेली होती. ही सळई घराच्या अर्थिंगपासून पूर्णपणे स्वतंत्र होती. रेडिओसाठी अर्थ वेगळा हवा, असे कोणीतरी सरांना सांगितले होते.

तक्रारी अनेक होत्या. २० मीटरच्या पट्ट्यावर बोलताना माइकच्या धातूच्या जाळीला ओठ लागला की बारीक चटका बसत असे, समोरच्या स्थानकाला आवाज फाटल्यासारखा ऐकू येत असे आणि संगणकाचा कीबोर्ड मध्येच निकामी होत असे. ४० मीटरवर मात्र हा त्रास फारच कमी होता. शेजारच्या काकूंच्या घरी सकाळी भजन चालू असताना स्पीकरमधून सरांचे बोलणे बोबड्या स्वरूपात उमटत असे. काकूंनी ते फार समजुतीने सांगितले होते: "सर, भजनाच्या मधेच कोणीतरी तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं येतं हो." याशिवाय ४० मीटरवर इतरांचे सिग्नल ऐकताना इतकी खरखर होती की सिग्नल मीटरचा काटा एस-८ च्या खाली उतरतच नसे. या सर्वांच्या आधी, ट्रान्सीव्हरला नुसता हात लावला तरी झिणझिण्या येण्याची आणखी एक तक्रार होती, परंतु ती एका वायरमनने मिटवली होती. कशी मिटवली, ते पुढे येईल.

उपाय म्हणून सरांनी अंगणातील सळईभोवती कोळसा आणि मीठ भरून घेतले होते आणि तेथे रोज पाणी घालण्याचा नेम ठेवला होता. फरक काहीच पडला नव्हता.

तपासणीची सुरुवात मी सुरक्षेपासून केली, कारण माइकचा चटका एक वेळ सहन होतो, विजेचा धक्का जीव घेतो. भाड्याने आणलेल्या अर्थ टेस्टरने सळईचा प्रतिरोध मोजला तेव्हा तो १४० ओहमच्या आसपास भरला. सळई जेमतेम १.२ मीटर आत गेली होती. खाली खडक होता. कोरड्या मुरमाचा विशिष्ट प्रतिरोध २०० ओहम-मीटर धरून सळईचे नेहमीचे सूत्र मांडले तरी उत्तर साधारण तेवढेच येते, म्हणजे सळई बसवण्यात काही चूक नव्हती, जमीनच तशी होती. सांगलीकडे कृष्णाकाठच्या काळ्या मातीत हीच सळई ठोकली असती तर याच्या कित्येक पटींनी कमी आकडा मिळाला असता. घराच्या मूळ अर्थिंगचा आकडाही फारसा बरा नव्हता.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. समजा एखाद्या उपकरणात फेज तार धातूच्या आवरणाला टेकली. २३० व्होल्टला १४० ओहमने भागले की सुमारे १.६ अँपिअर प्रवाह मिळतो. एवढ्या प्रवाहाने १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की पडणारा स्विच) तर सोडाच, ६ अँपिअरचाही पडणार नाही. उपकरणाचे आवरण जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर तसेच राहील आणि पहिला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जाईल. खडकाळ जमिनीवरील घरात केवळ एमसीबीच्या भरवशावर राहणे म्हणूनच धोक्याचे आहे. तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आरसीसीबी जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहातील फरक पाहतो; १४० ओहमच्या अर्थवरही ३० मिलिअँपिअर प्रवाहाने आवरणावर केवळ ४ व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि तेवढ्यातच तो पुरवठा तोडतो.

सरांनी त्याच आठवड्यात मुख्य बोर्डात आरसीसीबी बसवून घेतला. तो थांबेचना. वर केला की काही वेळात पडायचा, विशेषतः खाली मोटर किंवा इस्त्री चालू असताना. इलेक्ट्रिशियनचा कल आरसीसीबी बदलून पाहण्याकडे होता. मी सरांना रेडिओच्या खोलीतील बोर्ड उघडू द्या म्हटले. प्लेट काढताच कारण दिसले: सॉकेटच्या अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेपर्यंत लाल इन्सुलेशनचा बोटभर लांबीचा तुकडा जोडलेला होता. भिंतीतून येणारी अर्थची तार मात्र कशालाच न जोडता मागे दुमडून ठेवलेली होती.

झिणझिण्यांची तक्रार वायरमनने मिटवली होती ती अशी. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून आवरणापर्यंत छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला नसेल तर या दोन कपॅसिटरांच्या मध्यावर असलेले आवरण २३० च्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असल्याने जीवाला धोका नसतो, परंतु झिणझिण्या येतात आणि टेस्टर लुकलुकतो. आवरण न्यूट्रलला बांधले की टेस्टर विझतो आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे फार मोठा धोका घरात शिरतो: बोर्डाकडे येणारी न्यूट्रल तार कुठेही तुटली किंवा सैल झाली, तर चालू उपकरणातून परतणारा फेजचा दाब थेट ट्रान्सीव्हरच्या, माइकच्या आणि संगणकाच्या धातूवर येतो. ही जोडणी कोणत्याही परिस्थितीत करू नये. कोणी करून दिली असेल तर त्याच दिवशी काढून टाकावी.

आरसीसीबी पडण्याचा हिशेबही येथेच जुळला. भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ४ व्होल्ट मिळत होते. न्यूट्रलपासून बोर्डातील तुकडा, तेथून एसएमपीएसचे आवरण, ट्रान्सीव्हर, हिरवी तार आणि अंगणातील १४० ओहमची सळई असा मार्ग तयार झाला होता आणि त्यातून सुमारे २८ मिलिअँपिअर प्रवाह जमिनीत जात होता. आरसीसीबीने आपले काम चोख केले होते.

तुकडा काढून खरी अर्थची तार जोडल्यावर आरसीसीबी स्थिर झाला आणि झिणझिण्याही परत आल्या नाहीत. अर्थिंग सुधारण्यासाठी सळई आणखी खोल नेणे शक्य नव्हते, म्हणून आडवे गेलो. घराच्या दोन बाजूंनी सुमारे १२ मीटर लांबीचा, अर्धा मीटर खोल चर खणून त्यात जस्ताचा मुलामा दिलेली २५ मिलिमीटर रुंद लोखंडी पट्टी पुरली आणि चर खोदलेल्या मुरमाऐवजी शेतातून आणलेल्या काळ्या मातीने भरला. परसबागेचे पाणी त्याच चरात जाते. प्रतिरोध २५ ओहमच्या आसपास आला. खडकाळ जागी खोलीपेक्षा लांबी उपयोगी पडते आणि भारतीय मानक आयएस ३०४३ मध्येही पट्टीच्या इलेक्ट्रोडची तरतूद याच कारणासाठी आहे. सळई, नवी पट्टी आणि घराचे मूळ अर्थिंग ही तिन्ही एकमेकांना जोडून घेतली.

ही जोडणी अनेकांना पटत नाही. रेडिओचा अर्थ स्वच्छ राहावा म्हणून तो वेगळा ठेवायचा, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली आणि तिचा १० किलोअँपिअर प्रवाह या अर्थिंगमधून गेला असे धरा. २५ ओहममधून गेलेला तो प्रवाह अडीच लाख व्होल्टचा दाब उभा करतो. प्रतिरोध १० ओहमवर आणला तरी लाख व्होल्ट होतातच, म्हणजे केवळ आकडा कमी करून विजेपासून बचाव होत नाही. बचाव होतो तो घरातील सर्व धातू एकदमच वर-खाली झाल्याने. दोन वेगळे अर्थ असतील तर एक लाखांवर आणि दुसरा शून्यावर अशी स्थिती येते आणि त्या दोहोंच्या मध्ये ट्रान्सीव्हर, एसएमपीएस आणि माइक हातात धरलेला माणूस असतो. कोॲक्स घरात शिरते त्या ठिकाणी, भिंतीच्या बाहेर, तांब्याची पट्टी बसवून तिच्यावर वायुनलिकेचा अरेस्टर (विजेचा अतिरिक्त दाब जमिनीकडे वळवणारे साधन) लावला आणि ती पट्टी जाड तारेने थेट चरातील पट्टीशी जोडली. ढग गडगडू लागले की कोॲक्स बाहेरच सोडवून ठेवणे मात्र आजही आवश्यक आहे; सर ते पाळतात.

सुरक्षेचे काम येथे पूर्ण झाले. आता सरांनी २० मीटरवर ट्रान्समिट केले आणि माइकचा चटका पूर्वीइतकाच बसला. भरीस भर म्हणजे सलग बोलताना आरसीसीबीही पडला. सर निराश झाले. मला मात्र यातून नेमके हवे ते मिळाले: रेडिओ फ्रिक्वेन्सीचा प्रवाह खोलीतील तारांवरून घराच्या वायरिंगमध्ये शिरत होता.

हा प्रवाह येत होता कोठून? टोकाकडून जोडलेल्या तारेत जेवढा प्रवाह जातो, तेवढ्याच प्रवाहाला परतीचा मार्ग लागतो. ट्रान्सफॉर्मरजवळ काउंटरपॉइजची, म्हणजे या परतीच्या प्रवाहासाठीची, वेगळी तार नव्हती, म्हणून कोॲक्सच्या जाळीचा बाहेरचा पृष्ठभागच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग झाला होता. कोॲक्सच्या आत दोन्ही प्रवाह समान आणि विरुद्ध असतात, त्यामुळे ते बाहेर दिसत नाहीत. जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह मात्र थेट खोलीत येतो आणि ट्रान्सीव्हरचे आवरण, माइकची वायर, यूएसबी केबल, एसएमपीएस अशा वाटांनी पसरतो. अँटेनाचे एक टोक सरांच्या टेबलावर होते, असे म्हटले तरी चालेल.

मग जाड हिरव्या तारेने हा प्रवाह जमिनीत का नेला नाही? तिची लांबी मोजली तेव्हा ती पाच मीटरच्या थोडी वर भरली. १४.२ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी सुमारे २१ मीटर असते आणि तिचा चतुर्थांश ५.३ मीटर. चतुर्थांश तरंग लांबीच्या तारेचे एक टोक जमिनीला जोडले, तर दुसऱ्या टोकाशी त्या फ्रिक्वेन्सीपुरता प्रचंड विरोध मिळतो. ५० हर्ट्झच्या विजेला जी तार सरळ वाट होती, तीच २० मीटर पट्ट्याच्या रेडिओ प्रवाहाला बंद दरवाजा होती, आणि ट्रान्सीव्हरचे टोक सर्वाधिक दाबाच्या जागी आले होते. ४० मीटरवर तीच तार एक-अष्टमांश तरंगाची होते, म्हणून तेथे त्रास सौम्य होता. पट्टा बदलला की त्रास बदलतो, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: अर्थिंगचा प्रतिरोध पट्ट्यानुसार असा उड्या मारत नाही, तारांची लांबी मारते. पहिल्या किंवा त्यावरच्या मजल्यावरील खोलीतून एचएफसाठी उपयोगी पडेल असा अर्थ जमिनीतून आणणे जवळपास अशक्य आहे आणि त्यासाठी मीठ-कोळशावर श्रम घालवू नयेत.

प्रवाह प्रत्यक्ष दिसावा म्हणून मी चिमट्यासारखा मीटर तयार केला होता: उघडबंद होणाऱ्या फेराइटवर (चुंबकीय पदार्थाच्या कड्यावर) काही फेरे, एक जर्मेनियम डायोड, एक छोटा कपॅसिटर आणि जुन्या टेपरेकॉर्डरमधला काट्याचा मीटर. तो कोॲक्सभोवती अडकवून सरांना २० मीटरवर कमी पॉवरने ट्रान्समिट करायला सांगितले. काटा टोकापर्यंत गेला. माइकच्या वायरवर तो निम्म्यावर आला आणि एसएमपीएसच्या मेन्स वायरवरही ठळक हलला. सर बराच वेळ तो चिमटा या वायरवरून त्या वायरवर सरकवत राहिले. त्यांना यापुढे काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

उपाय दोन ठिकाणी केला. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ टोकाला दोन मीटरची काउंटरपॉइज तार जोडून ती कठड्यालगत सोडली आणि कोॲक्सवर ट्रान्सफॉर्मरपासून तेवढ्याच अंतरावर पहिला चोक (जाळीबाहेरचा प्रवाह अडवणारे वेटोळे) बसवला. दुसरा चोक खोलीत शिरण्याच्या जागी आला. दोन्ही चोक ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या, ६१ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या फेराइट कड्यावर कोॲक्सचे बारा फेरे घेऊन केले. असा चोक ७ ते १४ मेगाहर्ट्झवर जाळीबाहेरच्या प्रवाहाला काही हजार ओहमचा विरोध करतो आणि त्यातील मोठा भाग शुद्ध प्रतिरोधाचा असल्याने तो कोॲक्सच्या लांबीशी अनुनाद साधून निष्प्रभ होत नाही. असे कडे मिळेपर्यंत ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर कोॲक्सचे आठ-दहा फेरे शेजारी शेजारी गुंडाळून काम चालवता येते, परंतु तो चोक एखाद-दुसऱ्या पट्ट्यावरच नीट चालतो. हिरवी तार ट्रान्सीव्हरवरून काढून टाकली. त्याऐवजी टेबलामागे तांब्याची एक पट्टी लावून ट्रान्सीव्हर, एसएमपीएस आणि ट्यूनर (अँटेना जुळवून घेणारे उपकरण) आखूड, रुंद जाळीच्या पट्ट्यांनी तिला जोडले आणि सुरक्षेचा अर्थ मेन्सच्या तारेतून तसाच ठेवला.

चिमट्याचा काटा आता जेमतेम थरथरतो. माइकला ओठ लागला तरी काही जाणवत नाही, आवाज स्वच्छ जातो आणि आरसीसीबी पडलेला नाही. जमिनीतील अर्थिंगमध्ये या टप्प्यावर कोणताही बदल केलेला नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो.

काकूंच्या स्पीकरमधला आवाज चोकनंतर बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. येथे सरांचा ट्रान्समीटर दोषी नव्हता. स्पीकरच्या लांब वायरी अँटेनासारखे काम करतात, त्यांवर आलेली रेडिओ फ्रिक्वेन्सी ॲम्प्लिफायरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरच्या जोडावर एकदिश होते आणि तिच्यावरील बोलणे ऐकू येते. सर ज्या पद्धतीने बोलतात त्या एसएसबीमध्ये वाहक लहर नसल्याने ते बोबडे होते. शेजाऱ्यांना हे तंत्र ऐकवण्यापेक्षा त्यांच्या घरी जाऊन काम करून देणे केव्हाही चांगले. सरांनी परवानगी घेऊन स्पीकरच्या दोन्ही वायरींचे ॲम्प्लिफायरजवळ फेराइटवर पाच-पाच फेरे घेतले. विरोध फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पाच फेरे एका फेऱ्याच्या पंचवीस पट काम करतात. वायरीवर फेराइटचा नुसता मणी अडकवून एचएफवर फारसे काही साधत नाही, हे येथे सांगितले पाहिजे, कारण बाजारात तोच सर्वत्र मिळतो. नंतर सर खोलीत बोलत राहिले आणि मी काकूंच्या दिवाणखान्यात भजन ऐकत बसलो. मध्ये काही आले नाही.

राहिली सिग्नल ऐकतानाची खरखर. ट्रान्सीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच बंद केला, तेव्हा काटा एस-८ वरून एस-५ वर आला. एक एस म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे आवाजातील मोठा वाटा सरांच्या स्वतःच्या घरातून येत होता. सर्किट एकेक करून चालू करत गेल्यावर जिन्यातील एलईडी दिवा आणि सीसीटीव्हीचा अडॅप्टर हे दोन मुख्य स्रोत निघाले. खिशातला मध्यम लहरींचा रेडिओ त्यांच्याजवळ नेला की तो अक्षरशः गुरगुरत असे. दिवा बदलला आणि अडॅप्टरच्या दोन्ही वायरी फेराइटवर गुंडाळल्या.

उरलेल्या एस-५ मध्ये १०० हर्ट्झचा तडतडणारा भाग आहे. तो कोरड्या हवेत वाढतो आणि पावसाची एक जोरदार सर आली की नाहीसा होतो, यावरून तो रस्त्यावरील विजेच्या खांबावरच्या सैल झालेल्या धातूच्या जोडातील ठिणग्यांचा असावा असे मानण्यास जागा आहे. खिशातल्या रेडिओने चालत जाऊन वळणावरच्या खांबापर्यंत माग काढला आहे. खांबाला हात लावणे, त्याच्या आधाराची ताणलेली तार ओढणे किंवा काठीने ठोकून पाहणे हे प्रकार टाळून खांबाचा क्रमांक, वेळ आणि ध्वनिमुद्रण यांसह लेखी तक्रार देण्याचे ठरले आहे. अर्थिंगचा प्रतिरोध दरवर्षी वैशाखात, मुरूम सर्वाधिक कोरडा असताना मोजून मीटर बोर्डाच्या झाकणाच्या आत लिहून ठेवण्याची नोंद सरांनी सुरू केली आहे.